चिरकारी कंडू आणि प्रतिरक्षेचे संदेशवाहक रेणू

कंडू किंवा खाज ही संवेदना सर्वांच्या परिचयाची आहे. परंतु ह्या परिचयामुळेच की काय, तिच्याकडे शास्त्रीय दृष्टीने पाहण्याचे कार्य बराच काळ मागे पडले. जर्मन वैद्य सामुएल हाफेनरेफर ह्याने १६६० मध्ये तिची ‘खाजविण्याची इच्छा उत्पन्न करणारी अप्रिय संवेदना’ अशा आशयाची व्याख्या केली, आणि तीच आजही पाठ्यग्रंथांतून दिली जाते. ह्या व्याख्येत दोष काढता येत नाही. तथापि तीत त्वचा, मज्जातंतू, रक्त ह्यांपैकी कशाचाही उल्लेख नाही. खाज कशी जाणवते एवढेच ती सांगते. ती कोठून येते हा प्रश्न तीन शतके जवळजवळ अनुत्तरित राहिला.

डास चावला किंवा गवताचे कुसळ अंगाला लागले म्हणजे सुटणारी खाज काही वेळाने आपोआप शमते. सहा आठवड्यांहून अधिक काळ टिकणाऱ्या खाजेस चिरकारी म्हणावे, असा वैद्यकातील संकेत आहे. इसब, गाठींचा कंडुरोग, मूत्रपिंड व यकृत ह्यांचे काही विकार, तसेच कोणतेही दृश्य कारण नसताना उतारवयात जडणारी खाज, ह्या सर्वांचा तीत अंतर्भाव होतो. झोपेचा नाश, खाजवून झालेले व्रण, लोकांत बसण्याची चोरी, अशा तिच्या यातना वर्षानुवर्षे चालतात. ही खाज म्हणजे तात्कालिक खाजेचीच लांबलेली अवस्था, असे प्रदीर्घ काळ गृहीत धरले गेले होते. गेल्या सुमारे वीस वर्षांतील संशोधनाने हे गृहीत मोडीत काढले आहे. प्रतिरक्षेच्या पेशी ज्या रेणूंच्या द्वारे परस्परांना संदेश पाठवितात, तेच रेणू ज्ञानतंतूंवर प्रत्यक्ष क्रिया करतात आणि त्यांची उत्तेजित होण्याची क्षमताच पालटून टाकतात, असे आता दिसून आले आहे.

ह्या निष्कर्षाचे महत्त्व कळण्यासाठी हिस्टामिनाचा इतिहास थोडक्यात पाहणे अवश्य आहे. डेल आणि लेडलॉ ह्यांनी १९१० मध्ये ह्या द्रव्याच्या शरीरक्रियेवरील परिणामांचे वर्णन केले. ते शरीरातील ऊतकांत स्वभावतःच असते हे १९२७ मध्ये सिद्ध झाले. त्याच वर्षी सर टॉमस लुईस ह्यांचा त्वचेतील रक्तवाहिन्यांवरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्वचेस इजा झाली असता प्रथम लाल रेषा, नंतर तिच्याभोवती पसरणारी लाली आणि शेवटी उठणारी गांध, अशी जी त्रिविध प्रतिक्रिया लुईस ह्यांनी वर्णिली, ती हिस्टामिन टोचूनही तंतोतंत घडविता येते. आणि तिच्याबरोबर खाजही सुटते. पुढे १९५३ मध्ये रायली आणि वेस्ट ह्यांनी हिस्टामिनाचे भांडार ऊतकांतील मास्ट पेशींत असल्याचे दाखविले. तत्पूर्वीच, १९३७ मध्ये, दानिएल बोव्हे ह्यांच्या प्रयोगशाळेत पहिले हिस्टामिनविरोधी द्रव्य सापडले होते. बोव्हे ह्यांना १९५७ चे नोबेल पारितोषिक मिळाले. मास्ट पेशी, हिस्टामिन, ज्ञानतंतू, खाज अशी एक सुटसुटीत साखळी अशा रीतीने तयार झाली आणि ती तोडण्याचे औषधही हाती आले.

अंगावर पित्त उठते त्या विकारात हे औषध उत्तम लागू पडते. आजही त्याच विकारात त्याचे स्थान प्रथम आहे. परंतु इसबाच्या रुग्णास त्याचा उपयोग फारच थोडा होतो. जुन्या हिस्टामिनविरोधी औषधांनी रुग्णास झोप येई, म्हणून गुण आल्यासारखे वाटे इतकेच. येथे वैद्यकीय विचारपद्धतीतील एक दुर्बलता प्रकट झाली. औषध लागू पडत नाही, तर औषधामागील कल्पना अपुरी असावी, असा तर्क करण्याऐवजी रुग्णाच्या मनाकडे बोट दाखविणे सोपे ठरले. ब्रॉक आणि जाके ह्या फ्रेंच त्वचारोगतज्ज्ञांनी १८९१ मध्ये प्रचारात आणलेल्या ‘मज्जाजन्य त्वचादाह’ ह्या नावाचा आधार त्यास आयताच मिळाला. मानसिक ताणाने खाज वाढते हे खरे. पण वाढविणारे कारण आणि उत्पन्न करणारे कारण एकच असते असे नाही. कित्येक रुग्णांना ‘मन शांत ठेवा आणि खाजवू नका’ एवढाच उपदेश घेऊन परतावे लागले.

हिस्टामिनावाचूनही तीव्र खाज सुटू शकते ह्याचा पुरावा वस्तुतः आपल्या रानावनांतच होता. कोकणात व सह्याद्रीच्या उतारांवर पावसाळ्यात कुंपणांवर चढणारी खाजकुइली सर्वांच्या ओळखीची आहे. संस्कृत ग्रंथांतील कपिकच्छू ती हीच. हिवाळ्यात तिच्या शेंगा पिकल्या म्हणजे त्यांवरील तपकिरी लव वाऱ्याने उडते आणि अंगास लागताच असह्य खाज सुटते. मात्र ह्या खाजेच्या जागी हिस्टामिनाप्रमाणे विस्तीर्ण लाली पसरत नाही, व हिस्टामिनविरोधी औषधाने ती थांबतही नाही. वॉल्टर शेली आणि आर्थर ह्या अमेरिकन संशोधकांनी १९५५ मध्ये ह्या लवेतील क्रियाशील द्रव्य हे प्रथिनांचे विघटन करणारे एंझाइम असल्याचे दाखवून त्यास म्युक्युनेन हे नाव दिले. ते एंझाइम ज्ञानतंतूंशी संबंध कसा जोडते, हे कळण्यास मात्र २००८ साल उजाडावे लागले. काही पेशींच्या पृष्ठावर असे ग्राही असतात की, त्यांचा एक लहानसा तुकडा एंझाइमाने कापला म्हणजे ते स्वतःच कार्यान्वित होतात. म्युक्युनेन ह्यांपैकी दोन प्रकारच्या ग्राहींना कापते. मानवी त्वचेवर केलेल्या मापनांवरून हेही आढळले की, हिस्टामिनाने उत्तेजित होणारे सूक्ष्म ज्ञानतंतू आणि खाजकुइलीने उत्तेजित होणारे ज्ञानतंतू हे बहुतांशी निरनिराळे असतात. खाजेला शरीरात शिरण्यासाठी एकच दार आहे ही समजूत येथेच संपावयास हवी होती.

खाज म्हणजे सौम्य वेदना, अशीही एक कल्पना विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात फॉन फ्रे ह्यांच्यासारख्या अधिकारी व्यक्तींच्या नावावर प्रतिष्ठा पावली होती. अफूजन्य औषधे वेदना शमवितात आणि खाज उत्पन्न करतात, ही एकच गोष्ट ती कल्पना डळमळीत करण्यास पुरेशी आहे. शिवाय वेदना झाली की अवयव मागे घेतला जातो, तर खाज सुटली की हात त्या जागेकडेच धावतो. चरकसंहितेत कंडूघ्न द्रव्यांचा एक वेगळा गण सांगितलेला आहे व वेदनेवरील द्रव्यांचा गण त्याहून भिन्न आहे, हे ह्या संदर्भात स्मरणीय होय. केवळ खाजेशी निगडित असे तंतू मानवी त्वचेत असल्याचे श्मेल्ट्स व त्यांचे सहकारी ह्यांनी १९९७ मध्ये दाखविले. सुन् आणि चेन् ह्यांनी २००७ मध्ये उंदरांच्या पृष्ठरज्जूत खाजेचा संदेश ग्रहण करणारा विशिष्ट ग्राही शोधला. आणि तो धारण करणाऱ्या पेशी नष्ट केल्यास खाज नाहीशी होते पण वेदनेची जाणीव अबाधित राहते, हे २००९ मध्ये सिद्ध झाले. वेदना आणि खाज ह्यांचे मार्ग अशा रीतीने वेगळे ठरले.

आता प्रतिरक्षेकडे वळावयाचे. खाजेचा आणि प्रतिरक्षेचा संबंध किती निकट आहे, ह्याचे सर्वांत बोलके उदाहरण खरजेचे आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४१ पासून, केनेथ मेलनबी ह्यांनी इंग्लंडमधील शेफील्ड येथे काही स्वयंसेवकांवर खरजेचे प्रयोग केले. हे स्वयंसेवक युद्धात शस्त्र धरण्यास सदसद्विवेकबुद्धीने नकार दिलेले तरुण होते. त्यांच्या त्वचेत खरजेच्या किडी शिरल्या, बिळे करून राहिल्या, वाढल्या. परंतु सुमारे महिनाभर स्वयंसेवकांस खाज जाणवली नाही. खाज सुरू झाली ती त्यानंतर, आणि ती रात्री झोप येऊ देईना. बरे झाल्यावर त्यांतील काहींना पुन्हा संसर्ग घडविण्यात आला, तेव्हा खाज एका दिवसाच्या आतच सुटली. कीड तीच, त्वचा तीच, बिळेही तीच. बदलली होती ती शरीराची ओळख. खाजेचे कारण किडीचे चालणे किंवा चावणे असते, तर पहिल्या महिन्यातच ती जाणवावयास हवी होती. प्रतिरक्षेने किडीला परकी म्हणून ओळखले तेव्हाच खाज जन्मास आली. दुसऱ्या संसर्गात किडींची संख्या पहिल्यापेक्षा पुष्कळच कमी राहिली, हेही मेलनबी ह्यांनी नमूद केले. अर्थात ज्या प्रतिक्रियेने खाज सुटते तीच प्रतिक्रिया शरीराचे काही अंशी रक्षणही करते.

कृमी, किडी आणि ॲलर्जी उत्पन्न करणारी द्रव्ये ह्यांच्याविरुद्ध शरीर ज्या प्रकारची प्रतिक्रिया देते, तिला प्रतिरक्षाशास्त्रात दुसऱ्या प्रकारची प्रतिक्रिया असे म्हणतात. तीत टी-पेशींचा एक विशिष्ट वर्ग, इओसिनोफिल, बेसोफिल आणि मास्ट पेशी भाग घेतात. ह्या पेशी परस्परांना जे संदेश पाठवितात ते लहान प्रथिनांच्या रूपाने असतात व त्यांस सायटोकाइन ही संज्ञा आहे. इंटरल्यूकिन-४, इंटरल्यूकिन-१३ आणि इंटरल्यूकिन-३१ ही ह्या प्रतिक्रियेतील प्रमुख नावे होत. हे रेणू एका श्वेतपेशीकडून दुसऱ्या श्वेतपेशीकडे जातात, ही गोष्ट पूर्वीपासून ज्ञात होती. त्यांचा पत्ता ज्ञानतंतूंच्याही दारावर लिहिलेला असेल, अशी शंका मात्र फारशी कोणी घेतली नव्हती.

तो पत्ता प्रथम इंटरल्यूकिन-३१ च्या बाबतीत सापडला. डिलन व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ मध्ये ह्या रेणूचे वर्णन केले. उत्तेजित टी-पेशी तो निर्माण करतात. ज्या उंदरांत तो कृत्रिम रीतीने अधिक प्रमाणात निर्माण होईल अशी योजना केली, ते उंदीर अंग खाजवून खाजवून केस गमावू लागले व त्यांच्या त्वचेवर इसबासारखा दाह दिसू लागला. दोन वर्षांनी, इसबाच्या रुग्णांच्या खाजऱ्या त्वचेत ह्या रेणूचे प्रमाण वाढलेले असते, असे आढळले. ह्या रेणूचा ग्राही दोन घटकांचा असून तो पृष्ठरज्जूलगतच्या मज्जागुच्छांतील काही पेशींवर असतो. त्वचेतून येणाऱ्या ज्ञानतंतूंचे उगमस्थान ह्याच पेशी. उष्णता व तिखट द्रव्ये ह्यांना प्रतिसाद देणारे जे आयनमार्ग मज्जापेशींच्या आवरणात असतात, त्यांच्यावाचून इंटरल्यूकिन-३१ ची खाज उंदरात नीटशी उत्पन्न होत नाही, हे २०१४ मध्ये दाखविण्यात आले. मिरचीची आग आणि इसबाची खाज ह्यांची वाट काही अंतरापर्यंत एकच असावी, हे कुतूहलजनक आहे.

त्वचेच्या बाहेरच्या थरातील पेशीही ह्या संभाषणात मूक नसतात. बर्कली येथील डायना बाउटिस्टा ह्यांच्या प्रयोगशाळेने २०१३ मध्ये असे दाखविले की, बाह्यत्वचेच्या पेशी डिवचल्या गेल्या असता टीएसएलपी ह्या संक्षिप्त नावाने ओळखला जाणारा सायटोकाइन सोडतात आणि तो ज्ञानतंतूंना प्रत्यक्ष उत्तेजित करतो. ह्या त्वचापेशींना डिवचणारा एक ग्राही तोच आहे, ज्यास खाजकुइलीचे एंझाइम कापते. त्वचेच्या पृष्ठभागाचे आवरण फाटले की बाहेरची एंझाइमे, आतल्या पेशी, ज्ञानतंतू आणि श्वेतपेशी ही सर्व मंडळी एकाच वेळी एकमेकांना जागे करतात.

तथापि ह्या सर्व शोधांपैकी विचाराला नवे वळण देणारा शोध २०१७ मधील होय. सेंट लुईस येथील वॉशिंग्टन विद्यापीठात ब्रायन किम ह्यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या ह्या कार्यात इंटरल्यूकिन-४ ची परीक्षा घेण्यात आली. उंदरांच्या आणि मानवांच्याही मज्जागुच्छांतील पेशींवर ह्या रेणूचे ग्राही आढळले व रेणूचा स्पर्श होताच त्या पेशींत कॅल्शियमाची पातळी वाढली. एवढ्यावरून तो हिस्टामिनासारखाच आणखी एक खाजोत्पादक रेणू आहे असा निष्कर्ष काढणे सोपे होते. परंतु त्वचेत इंटरल्यूकिन-४ टोचले असता उंदीर लगेच खाजवू लागला नाही. चमत्कार दिसला तो पुढे. त्याच्या सान्निध्यात मज्जापेशींना हिस्टामिनाची किंवा अन्य खाजोत्पादक द्रव्याची अशी अल्प मात्रा दिली की, जी एरवी दुर्लक्षित राहिली असती, तरी त्या जोमाने प्रतिसाद देऊ लागल्या.

ह्या प्रयोगाचा अर्थ नीट ध्यानात घेतला पाहिजे, कारण चिरकारी खाजेचे मर्म त्यातच आहे. हिस्टामिन हे दार ठोठावणारे द्रव्य आहे. ते आले की आवाज होतो, ते गेले की शांतता पसरते. इंटरल्यूकिन-४ स्वतः दार ठोठावीत नाही. ते घरातील माणसाची झोप इतकी सावध करते की पानाच्या सळसळीनेही तो उठून बसावा. शास्त्रीय परिभाषेत सांगावयाचे तर ते मज्जापेशीच्या उत्तेजनाचे सीमामूल्य खाली आणते. कपड्याचा स्पर्श, घाम, अंथरुणातील ऊब ह्या नित्याच्या गोष्टींनी इसबाच्या रुग्णास खाज का सुटते, ह्याचे उत्तर ह्यात सापडते. रुग्ण अतिसंवेदनशील आहे असे जे हेटाळणीने म्हटले जाई ते अक्षरशः खरे आहे. मात्र ही अतिसंवेदनशीलता त्याच्या स्वभावात नसून त्याच्या ज्ञानतंतूंच्या आवरणात आहे.

सायटोकाइनाचा संदेश पेशीच्या आत पोहोचविण्याचे काम जॅक ह्या संक्षिप्त नावाची एंझाइमे करतात. ग्राहीस रेणू चिकटला की ही एंझाइमे परस्परांवर व ग्राहीवर फॉस्फेट गट चढवितात आणि तेथून संदेश केंद्रकापर्यंत जातो. श्वेतपेशींत ही यंत्रणा फार पूर्वी अभ्यासली गेली होती. मज्जापेशीही तीच यंत्रणा वापरतात, हे २०१७ च्या कार्यात दिसले: ज्या उंदरांच्या ज्ञानतंतूंतून इंटरल्यूकिन-४ चा ग्राही अथवा जॅक-१ काढून टाकला होता, त्यांचे खाजविणे कमी झाले. कोणतेही कारण न सापडलेल्या व अन्य उपचारांना दाद न देणाऱ्या चिरकारी खाजेच्या पाच रुग्णांना जॅकरोधक औषध देण्यात आले व त्यांची खाज लक्षणीय रीतीने उतरली. पाच ही संख्या फार लहान आहे व तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. म्हणून ह्या निरीक्षणास पुरावा न म्हणता दिशादर्शन म्हणणे योग्य. पण ज्यांना ‘तुमच्या त्वचेत काहीच दोष दिसत नाही’ असे सांगितले जाते, त्या रुग्णांच्या दृष्टीने ही दिशा अत्यंत महत्त्वाची आहे.

सीमामूल्य खाली गेलेल्या त्वचेत खाजेचे झटके कसे येतात, ह्याचाही उलगडा त्याच संशोधकगटाने २०२१ मध्ये केला. निरोगी त्वचेत ॲलर्जीचे द्रव्य शिरले तर मास्ट पेशी व हिस्टामिन ही जुनी साखळीच काम करते. इसबग्रस्त त्वचेत मात्र बेसोफिल पेशी पुढे येतात. त्यांच्या पृष्ठावरील प्रतिपिंडांना ते द्रव्य चिकटले की त्या ल्यूकोट्राइन-सी-४ हे मेदजन्य द्रव्य सोडतात, आणि ज्ञानतंतूंवरील त्याच्या विशिष्ट ग्राहीच्या द्वारे खाजेचा झटका येतो. हे कार्य उंदरांतील आहे, ही मर्यादा खरी. तरीही, खाज येणारी व्यक्ती तीच, ॲलर्जीचे द्रव्यही तेच, आणि तरी हिस्टामिनविरोधी औषध एका वेळी चालते व दुसऱ्या वेळी का चालत नाही, ह्या जुन्या कोड्याचे हे पहिले समाधानकारक उत्तर होय.

उपचारांच्या क्षेत्रात ह्या ज्ञानाचा उपयोग त्वरेने झाला. इंटरल्यूकिन-४ आणि इंटरल्यूकिन-१३ ह्या दोहोंना समाईक असलेला ग्राही अडविणारे ड्युपिलुमॅब हे प्रतिपिंड अमेरिकेत इसबासाठी २०१७ मध्ये व गाठींच्या कंडुरोगासाठी २०२२ मध्ये संमत झाले. इंटरल्यूकिन-३१ चा ग्राही अडविणारे नेमोलिझुमॅब जपानमध्ये विकसित झाले. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या चाचणीत इसबाचे २६४ रुग्ण होते. बारा आठवड्यांनंतर मधल्या मात्रेच्या गटात खाजेचे माप सरासरी ५९.८ टक्क्यांनी उतरले. औषधहीन टोचणी घेतलेल्या गटात ते २०.९ टक्क्यांनी उतरले. दुसरा आकडाही दुर्लक्षिण्याजोगा नाही. खाजेवर मनाचा परिणाम होत नाही असे म्हणणारास तो सावध करतो, आणि खाज केवळ मनाची असते असे म्हणणारास पहिला आकडा उत्तर देतो. नेमोलिझुमॅबला जपानमध्ये २०२२ मध्ये व अमेरिकेत २०२४ मध्ये संमती मिळाली. ह्या औषधांनी खाज कमी होते ती पुष्कळदा त्वचेवरील दाह ओसरण्यापूर्वीच, काही दिवसांत. दाह हे कारण व खाज हा त्याचा परिणाम, एवढाच सरळ क्रम असता तर असे घडले नसते. जॅक-१ अडविणारी मुखावाटे घेण्याची दोन औषधे, उपाडासिटिनिब व अब्रोसिटिनिब, २०२२ मध्ये अमेरिकेत इसबासाठी संमत झाली. गमतीची गोष्ट अशी की, ह्या वर्गातील ओक्लासिटिनिब हे औषध खाजेने बेजार झालेल्या कुत्र्यांसाठी तेथे २०१३ मध्येच मिळू लागले होते. मनुष्याची पाळी नंतर आली.

ह्या औषधांचे गुणगान करताना त्यांची किंमत आणि जोखीम ह्यांकडे डोळेझाक करता येत नाही. प्रतिपिंडरूप औषधे अत्यंत महाग असून आपल्याकडील बहुसंख्य रुग्णांच्या आवाक्याबाहेर आहेत. जॅकरोधक औषधांच्या वेष्टनावर गंभीर संसर्ग, हृदयविकार, कर्करोग व रक्तवाहिन्यांत गुठळ्या होणे ह्यांविषयीचा ठळक इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने अनिवार्य केला आहे. सुप्त क्षयाचा संसर्ग विपुल असलेल्या भारतासारख्या देशात अशी औषधे देण्यापूर्वी क्षयाची तपासणी अपरिहार्य होय. आणि एक इशारा ह्याहून साधा आहे. प्रतिरक्षेस आवर घातला की खाज थांबते हे ज्ञान अर्धवट रीतीने बाजारात कधीच पोहोचले आहे. गजकर्णावर स्टेरॉइडमिश्रित मलम चोळले की खाज तत्काळ शमते, रुग्ण समाधान पावतो, आणि बुरशी मात्र निर्वेधपणे पसरते. अशा रुग्णांचे रोगनिदानही पुढे कठीण होऊन बसते, कारण गजकर्णाचे ओळखीचे रूपच मलमाने पुसून टाकलेले असते. खाज कशाची आहे हे ठरविल्यावाचून खाजेचा संदेश तोडणे हा उपचार नव्हे.

संदेश तोडण्याचे परिणाम सरळ नसतात, हे इंटरल्यूकिन-३१ च्या बाबतीतही दिसून आले. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात, हा रेणू नसलेले उंदीर खाजवीत कमी, पण त्यांच्या त्वचेचा दाह मात्र अधिक तीव्र होई. इंटरल्यूकिन-३१ ने उत्तेजित झालेले ज्ञानतंतू त्वचेत एक पेप्टाइड सोडतात व ते टी-पेशींना आवर घालते, असे त्याचे स्पष्टीकरण देण्यात आले. म्हणजे संदेश श्वेतपेशीकडून ज्ञानतंतूकडे जातो तसा ज्ञानतंतूकडून श्वेतपेशीकडे परतही येतो, आणि परतीचा संदेश ‘आता पुरे’ असा असतो. नेमोलिझुमॅब घेणाऱ्या काही रुग्णांत खाज थांबूनही त्वचादाह उफाळलेला दिसतो, त्याचे एक कारण हे असू शकेल.

खाजविण्याच्या क्रियेचीही स्थिती अशीच दुहेरी आहे. ‘खाजवून खरूज काढणे’ ह्या आपल्या वाक्प्रचारास २०२५ मध्ये पिट्सबर्ग येथील संशोधनाने अनपेक्षित आधार दिला. ज्या उंदरांच्या गळ्यात खाजविता येऊ नये म्हणून पट्टा अडकविला होता, त्यांच्या कानांची सूज मोकळेपणी खाजविणाऱ्या उंदरांहून कमी राहिली. खाजविल्याने वेदनावाहक तंतू ‘पी’ नावाचे पेप्टाइड सोडतात, ते मास्ट पेशींस चेतविते, व दाह वाढतो. परंतु त्याच दाहाने त्वचेवरील स्टॅफिलोकॉकस ऑरियस ह्या जंतूंची संख्याही घटते, असे त्याच प्रयोगांत आढळले. हा जंतू इसबग्रस्त त्वचेवर विपुल असतो. आणि तो स्वतः जे एंझाइम सोडतो ते ज्ञानतंतूंवरील एका ग्राहीस कापून खाज उत्पन्न करते, हे २०२३ मध्ये हार्वर्ड येथे सिद्ध झाले होते. खाजकुइलीची युक्ती जंतूलाही साधलेली आहे. जंतू खाज उत्पन्न करतो, खाज नखांना बोलावते, नखे दाह वाढवितात, दाह जंतूंना मारतो आणि त्वचेचे आवरणही फाडतो, त्यातून जंतूंना पुन्हा वाव मिळतो. ह्या चक्रात आरंभ कोठे मानावा हे ठरविणे अवघड आहे.

सर्वच चिरकारी खाज ह्या रेणूंच्या हिशेबात बसते असेही नाही. पित्तमार्ग तुंबल्याने होणारी खाज, मधुमेहात वा पाठीच्या कण्याजवळ मज्जातंतू दुखावल्याने होणारी खाज ह्यांची यंत्रणा पुष्कळ अंशी वेगळी आहे. रक्तशोधन यंत्रावर असलेल्या मूत्रपिंडाच्या रुग्णांची खाज ह्या दृष्टीने विशेष बोधप्रद आहे. तिच्यासाठी २०२१ मध्ये अमेरिकेत संमत झालेले डायफेलिकेफॅलिन हे औषध सायटोकाइनांवर नव्हे, तर अफूच्या एका प्रकारच्या ग्राहींवर कार्य करते. दुसरीकडे, ह्याच रुग्णांपैकी खाज असणाऱ्यांच्या रक्तात इंटरल्यूकिन-३१ चे प्रमाण अधिक असल्याचे काही निरीक्षणांत आढळले. त्यावरून जपानमध्ये अशा रुग्णांना नेमोलिझुमॅब देऊन पाहण्यात आले. चाचणीचे मुख्य उद्दिष्ट साध्य झाले नाही. परंतु ज्यांच्या रक्तात इंटरल्यूकिन-३१ मुळातच अधिक होते त्यांची खाज इतरांपेक्षा जास्त उतरलेली दिसली. एकाच नावाखाली गणल्या जाणाऱ्या ह्या रुग्णांत दोन निरनिराळ्या खाजा एकत्र नांदत असाव्यात, आणि त्या रक्ततपासणीने आधीच वेगळ्या ओळखता येतील काय, ह्या प्रश्नावर पुढील चाचण्यांची आखणी अवलंबून आहे.